बाबांच्या कॉम्प्युटरचा मालक

बाबा जहाजांवर इंजिनखान्यात होते. नोकरी संपवून जामसंड्याला घरी आले तेव्हा गुडघे गेलेले होते, पण डोकं तल्लख होतं. मी कुडाळला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. घरी नवा लॅपटॉप आला तेव्हा जुना कॉम्प्युटर मी त्यांना नेऊन दिला. त्यांनी तो महिनाभरात शिकून घेतला. मग एक दिवस 'तुम्ही जिंकलात' असं सांगणाऱ्या चौकटीवर त्यांनी क्लिक केलं, व्हायरस शिरला आणि तो काढण्यात माझा अख्खा रविवार गेला.

त्या रविवारी मी एक गोष्ट केली. आमच्या ऑफिसात असते तशी व्यवस्था लावली. ॲडमिनिस्ट्रेटर मी आणि बाबा साधे वापरणारे. म्हणजे त्यांनी लिहावं, फोटो बघावेत, पण नवीन काही टाकायचं झालं तर कॉम्प्युटर माझा पासवर्ड मागणार. निघायच्या घाईत मी कसलातरी पासवर्ड ठेवला आणि बस पकडली.

पुढे काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. त्यांना कॉम्प्युटरवर मराठी लिहायचं होतं. जामसंड्यातल्या एका शिक्षकांनी मराठी टायपिंगचा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर दिला होता, पण तो आत जात नव्हता.

"पासवर्ड सांग रे माका," ते म्हणाले.

मी आलो की टाकतो, असं सांगितलं. मला भीती होती की पासवर्ड हाती आला की ते पुन्हा काहीतरी करून ठेवतील. दोन-तीन फोन असेच गेले. शेवटच्या फोनवर ते म्हणाले, "मी काय चोर आसंय रे?" मी हसून वेळ मारून नेली.

चतुर्थीला गेलो तेव्हा तो प्रोग्राम बसवून द्यायचं ठरवलं होतं. बाबा गणपतीच्या वर फळं-फुलं टांगायची माटवी बांधण्यात गुंतले होते. मी खुर्चीत बसलो आणि पासवर्ड आठवेना. मुलीचं नाव घालून पाहिलं, गाडीचा नंबर घातला, ऑफिसातले सगळे जुने पासवर्ड घातले. एकही चालला नाही. स्वतः लावलेल्या कुलपाची किल्ली मीच हरवली होती, हे त्यांना सांगायची मला लाज वाटली. ते हात पुसत आत आले तेव्हा मी म्हणालो, मशीन जुनं झालंय, त्यात मराठी चालत नाही.

बाबांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं. "मगे ऱ्हवांदे," म्हणाले आणि परत माटवीकडे गेले. त्यानंतर त्यांनी कधी विषय काढला नाही. मलाही सुटल्यासारखंच वाटलं.

त्यानंतर दीड वर्षाने बाबा गेले. छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

वर्षश्राद्ध झाल्यावर आईने कॉम्प्युटरची आठवण काढली. तिला जहाजावरचे त्यांचे फोटो हवे होते. तिने असंही सांगितलं की रोज सकाळी चहा झाला की ते तिथे बसून काहीतरी लिहायचे आणि ती जवळ गेली की बंद करायचे. मी सुरू करून पाहिला, तर बाबांनी त्यांच्या खात्याला स्वतःचा पासवर्ड लावलेला. तो बदलायचा अधिकार फक्त ॲडमिनिस्ट्रेटरला, म्हणजे मला. आणि माझाच पासवर्ड मला ठाऊक नव्हता.

कॉम्प्युटर घेऊन कुडाळला आलो. स्टँडजवळ एक बाई दुरुस्तीचं दुकान चालवतात. त्यांनी आधी मशीन कुणाचं ते विचारलं, माझं ओळखपत्र पाहिलं, आईशी फोनवर बोलल्या आणि मगच झाकण उघडलं. डिस्कला वेगळं कुलूप नाही, नाहीतर अवघड होतं, असं म्हणाल्या. पेन ड्राइव्ह लावून त्यांनी कॉम्प्युटर दुसऱ्याच वाटेने सुरू केला, एका काळ्या खिडकीत चार-पाच ओळी लिहिल्या आणि माझ्या खात्याला नवा पासवर्ड दिला. मधे जे बदललं होतं ते पुन्हा होतं तसं केलं. मग माझ्या खात्यातून बाबांचा पासवर्ड बदलला. त्यांनी साठवून ठेवलेले इतर पासवर्ड जातील, फायली तशाच राहतील, असं समजावलं. सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील.

मी विचारलं, "हे तीन वर्षांपूर्वी आणलं असतं तर?"

"तेव्हाही एवढंच काम होतं," त्या म्हणाल्या.

मराठी टायपिंगचा प्रोग्रामही मी त्यांनाच टाकायला सांगितला. त्याच जुन्या मशीनवर तो तीन मिनिटांत चालू झाला.

घरी येऊन बाबांचं खातं उघडलं. फोटो होतेच. शेजारी एक फाईल होती, एकतीस पानांची. जहाजावरचं त्यांचं आयुष्य आमच्या मालवणीत, पण इंग्रजी अक्षरांत. पहिलीच ओळ होती, 'मराठी अक्षरां गावली नाय, म्हणान अशां लिवतंय.' एकेका बोटाने लिहिलेली एकतीस पानं. बॉयलरची धग, परक्या बंदरातला पहिला बर्फ, घरचं पत्र मिळायला लागलेले चार महिने. शेवटची ओळ त्या चतुर्थीनंतरच्या आठवड्यातली होती, माझ्याबद्दलची. 'झील म्हणता, ह्या मशीनीत मराठी चलणा नाय. तो सांगता म्हणजे तसांच आसतला.'

त्यापुढे काही नाही. दीड वर्ष ते रोज सकाळी तिथे बसत होते, पण या फाईलला पुन्हा हात लावलेला दिसत नाही. आईच्या समोर काय बंद करायचे, ते मला सापडलं नाही. कदाचित नुसतं वाचत असतील.

हल्ली सुट्टीच्या दिवशी मी ती पानं मराठी अक्षरांत उतरवतो. इंग्रजी अक्षरांत ळ आणि ल एकच, ण आणि न एकच. बरेच शब्द आईला वाचून दाखवले की सुटतात. इंजिनखान्यातले कितीतरी सुटत नाहीत, आणि ते सांगणारं आता कुणी नाही. मागच्या रविवारी एका वाक्यापाशी अडलो. पेटीत काहीतरी होतं, कुणासाठी तरी घेतलेलं आणि कधीच न दिलेलं. शब्द होता बी-ए-एल-आय. बाळी असेल, किंवा एखादं अक्षर सुटलेली बालदीही असेल. आईला विचारलं, तुला त्यांनी कानातली बाळी आणली होती का कधी?

"नाय रे झिला," ती म्हणाली. बराच वेळ तिने पडद्याकडे पाहिलं. इंग्रजी अक्षरं तिला वाचता येत नाहीत. मग म्हणाली, "बाळीच लिव."

खरं काय होतं कोण जाणे. मी बाळी लिहिलं.