भैयालाल खलाशी आणि लॅपटॉपची वायर

भैयालाल रामटेके गोंदिया जंक्शनवर सिग्नल खात्यात खलाशी होता. खलाशी म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला समुद्र आठवतो. गोंदियात समुद्र नाही. तिथे खलाशी म्हणजे साहेबामागून हत्यारांची पिशवी घेऊन रुळाच्या कडेने चालणारा माणूस. भैयालाल उभी नोकरी असा चालला आणि रिटायर होऊन गोंदियाजवळच्या मुर्री गावात घरी बसला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपल्यापुढे चालायला आता कोणी नाही. घरात बायको होती, पार्वताबाई. पण ती कुठे जात नसे.

धाकटी मुलगी रचना नागपूरहून एमसीए करून परत आली होती. सोबत एका सीनियर मुलीचा वापरलेला लॅपटॉप होता. बुद्धपौर्णिमेला विहारात तिचा शाल देऊन सत्कार झाला आणि भाषणाच्या भरात अध्यक्षांनी ती अमेरिकेला जाणार असं जाहीर करून टाकलं. पुढची बुद्धपौर्णिमा आली तरी रचना मुर्रीतच होती. विहाराच्या पायरीवर बाया विचारत, "काऊन वो रचना, व्हिसा नाही भेटला का?" ती हसून सांगे, "नाही ना मावशी, तिकडं उन्हाळा लय आहे म्हणतात." बायांना ते पटे.

त्याच मे महिन्यात हैदराबादच्या एका कंपनीचा फोन आला. लेखी परीक्षा झाली, फोनवरचे प्रश्न झाले, आणि शेवटची मुलाखत राहिली. ती कॅमेऱ्यावर होणार होती, बुधवारी भर दुपारी. भर दुपारी मुर्रीची लाईट जायची. गोंदियाच्या सायबर कॅफेत जाता आलं असतं, पण एक मुलाखत तिने तिथून दिली होती. मागच्या रांगेतले पोट्टे बंदुकीचा गेम खेळत होते, आणि मुलाखत घेणाऱ्या बाईंनी काळजीने विचारलं होतं, तुमच्या भागात सध्या शांतता आहे ना? तेव्हा आता घरूनच, नेटचा डोंगल लावून, बॅटरीवर बोलायचं ठरलं. त्यासाठी बॅटरी भरलेली हवी होती.

आणि ती भरत नव्हती. भिंतीत प्लग घातला की ॲडॅप्टरच्या काळ्या डब्यावर हिरवा दिवा लागे, लॅपटॉपवर प्लगचं चित्रही येई, पण शेजारी लिहून येई की चार्जिंग होत नाही. वायर अमुक कोनात वाकवली की व्हायचं. सोडली की बंद. रचनाने वायरखाली वही ठेवून पाहिली, वरून लोणच्याची बरणी ठेवून पाहिली. पार्वताबाईने एका दुपारी चिमटीत वायर धरून अख्खी मालिका पाहिली. मालिकेतल्या सुनेला घराबाहेर काढलं तेव्हा तिची चिमूट सुटली आणि चार्जिंग गेलं.

सोमवारी बापलेक चुन्नीलालच्या दुकानात गेले. चुन्नीलाल गोंदियाच्या बाजारात मोबाईल, टीव्हीचे रिमोट आणि लॅपटॉप एकाच पेचकसाने उघडायचा.

"बेटा, एडाप्टर तो ठीक है," तो म्हणाला. "लैपटॉप में प्रॉब्लेम है."

"मागच्या बारीला तुमीच म्हटलं होतं, लॅपटॉप ठीक आहे."

"तब ठीक था."

मग त्याने वायर मधोमध कापली, दोन्ही तारा सोलून पुन्हा जोडल्या, त्यांवर काळी टेप गुंडाळली आणि लावून पाहिली. चार्जिंग आधी होत होतं तेवढंच होऊ लागलं. "नया ही लगेगा," तो समाधानाने म्हणाला. "नागपुर से मँगाता हूँ. गुरुवार को आ जाएगा."

"मुलाखत बुधवारला आहे."

"तो शुक्रवार को रख लो."

रचनाने ठरवलं, मंगळवारी सकाळच्या गाडीने नागपूरला जायचं आणि ॲडॅप्टर घेऊन यायचं. पण मंगळवारी पहाटे तिने शेवटचं म्हणून वायर वाकवली, पिनेजवळ चिकटपट्टीचे वेढे दिले, खाली आगपेटी सरकवली, आणि चार्जिंग सुरू झालं. सुरूच राहिलं. गाडीची वेळ टळली तरी सुरू होतं. तिघंही बॅटरीच्या टक्क्यांच्या आकड्याकडे अशी बघत बसली जशी निकालाच्या दिवशी बसतात. अर्ध्याच्या वर बॅटरी भरली तेव्हा लाईट गेली. "काही बिघडत नाही, रात्री उरलेलं भरते," रचना म्हणाली आणि डोंगलचं रिचार्ज करायला सायकलने गोंदियाला निघाली. दारातून ओरडली, "बाबा, त्या पिनेले हात नोका लावू. लय मेहनतीनं बसली ते."

"मी कायले लावतो?" भैयालाल म्हणाला. आणि ही गोष्ट खरी की त्याने पिनेला हात लावला नाही.

तो बसल्या बसल्या विचार करत होता. आज भरली, पण ऐन मुलाखतीत वायर सुटली तर? चुन्नीलालने फॉल्ट शोधलाच नव्हता. फॉल्ट कुठे आहे हे न पाहता जोड मारणं हे रेल्वेत चालत नसे. रेल्वेत केबलची तपासणी मेगरने होई. मेगर म्हणजे जड काळा डबा, बाजूला हॅण्डल. दोन तारा केबलला लावायच्या, हॅण्डल गरगर फिरवायचं, काचेतला काटा बघायचा; काटा शून्यावर घसरला की केबल खराब. भैयालालने हा डबा पावसापाण्यात वाहिला होता आणि हॅण्डल फिरवलं होतं. नवीन खलाशी आला की त्याच्या हातात त्या तारा देऊन हॅण्डल फिरवायची रीत होती. झटका बसून पोरगा नाचे, बाकीचे हसत, मग चहा होई. भैयालालही नाचला होता. माणसाला काही होत नाही तर यंत्राला काय होणार, इतका त्याचा हिशेब सरळ होता.

त्याचे साहेब, नंदलाल बिसेन, आता रिटायर होऊन गोंदियात राहत आणि खासगी वायरिंगची कामं घेत. त्यांचा स्वतःचा एक जुना मेगर होता. भैयालाल तिथे पोचला तेव्हा नंदलाल कोणाच्या तरी राईस मिलमध्ये गेले होते. त्यांच्या बायकोने मेगर आणून दिला. हा डबा भैयालालच्या खांद्यावर तिने इतकी वर्षं पाहिला होता की तो न देण्याचं कारण तिला सुचणं शक्य नव्हतं.

घरी येऊन त्याने सगळं नियमाने केलं. लाईट नव्हतीच, तरी भिंतीतला प्लग काढला. चुन्नीलालची टेप सोडली, दोन उघड्या जोडांना मेगरच्या दोन तारा चिमटवल्या. लॅपटॉप मिटलेला होता, त्याच्या कडेचा बारका दिवा मंद लुकलुकत होता. तिकडची पिन, आगपेटी, चिकटपट्टी, सगळं जिथल्या तिथे. ती मेहनतीने बसलेली गोष्ट होती.

"फिरवता वाटते?" पार्वताबाई दारातून म्हणाली. "पोरगी नाही म्हटली ना!"

"पिनेले नाही म्हटली. मी पिनेले कुठी हात लावून रायलो?"

त्याने हॅण्डल फिरवलं. हात जुना होता, वेग आपोआप लागला. काटा थरथरला, घसरला आणि शून्यावर जाऊन पडला. भैयालालने खात्री म्हणून मिनिटभर आणखी फिरवलं.

"सापडला!" तो म्हणाला. नोकरीत हा शब्द नेहमी साहेब उच्चारत. "वायरमंदीच फॉल्ट आहे. मी सांगतलं नव्हतं?"

"त्याचा दिवा काऊन इझला?"

"झोपला तो. लॅपटॉप झोपते."

रचना परत आली तेव्हा तो अंगणातच तिची वाट पाहत उभा होता. तिने आत जाऊन मेगर पाहिला, चिमटे पाहिले. मग लॅपटॉपची बटनं दाबली, बॅटरी काढून पुन्हा घातली, पुन्हा दाबली. लाईट आली, तीही लावून पाहिली. ॲडॅप्टरवरचा हिरवा दिवासुद्धा आता लागत नव्हता.

"बाबा, इकडची पिन काढली होती का?"

"कायले काढन? तूच म्हटली, हात नोका लावू."

तिने चिकटपट्टी हळूहळू सोडवली, आगपेटी उचलून चुलीजवळ ठेवली. पार्वताबाई म्हणाली, "दुसरा भेटत नाही का कोनाचा?" गावात दुसरा लॅपटॉप फोटोग्राफरकडे होता, आणि लग्नसराईत फोटोग्राफर कुठे असतो हे सगळ्यांना माहीत होतं. चुन्नीलालने संध्याकाळी लॅपटॉप उघडला, नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि म्हणाला, "बोर्ड गया. देखा, मैंने कहा था ना, एडाप्टर ठीक है?"

तिथूनच भैयालाल मेगर परत द्यायला गेला. नंदलाल ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला.

"अरे भैयालाल, मेगर करताना केबलचे दोन्ही टोक मोकळे करा लागतात. नाही तर त्या टोकाला जे असेल ते जळते."

"आपून तर कधी मोकळे नाही केले, बाबूजी."

"तू नाही करत होता. तू इकडे हॅण्डल धरून उभा राहायचा. मी तिकडे दुसऱ्या टोकाला, रिले रूममध्ये जायचो ना?"

"जायचे तुमी."

"मग काय करायला जायचो?"

भैयालालने थोडा विचार केला. "मले वाटे, चहाले जाता."

नंदलालांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "विचारायचं तरी."

"सांगायचं तरी," भैयालाल म्हणाला. आणि उभ्या नोकरीत साहेबाला उलट बोलण्याची ही पहिलीच वेळ होती, म्हणून लगेच उठून उभा राहिला.

बुधवारी दुपारी रचना सायबर कॅफेत गेली. भैयालाल बाहेर, बंद पानटपरीच्या सावलीत थांबला. कॅफेवाल्याला त्याने आधीच विनंती केली होती, आणि पोट्ट्यांनीही माणुसकी दाखवून बंदुकीऐवजी मोटारींचा गेम लावला होता. पंखा तोंडावर आणि कॅमेरा छताकडे होता. कॅमेरा खाली वळवला की निखळून पडे, म्हणून रचना तो एका हाताने धरून बोलली. ती बाहेर आली तेव्हा भैयालालने विचारलं, "झालं?"

"झालं."

"लवकर झालं."

"त्यांनी एक प्रोग्राम लिहून दाखवा म्हटलं. माह्या एका हातात कॅमेरा होता."

घरापर्यंत सायकल भैयालालने हातात धरून नेली आणि ती शेजारून चालली. बसून जा म्हणायचं त्याला सुचलं नाही, बसते म्हणायचं तिला सुचलं नाही.

जून उजाडला तरी हैदराबादचं काही आलं नाही. दवनीवाड्याच्या एका खासगी शाळेत कॉम्प्युटर शिकवायला बाई हवी होती. रचना भेटून आली. तिथे कॉम्प्युटर एकच होता आणि तो मुख्याध्यापकांच्या खोलीत कापडाखाली होता. शिकवणं फळ्यावर होतं. तिने हो म्हटलं. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मोबाईलवर मेल आला. पार्वताबाईने हात पदराला पुसले आणि म्हणाली, "वाच ना वो, काय म्हणतात?"

"म्हणतात, सध्या जमत नाही. पण तुमची माहिती आम्ही जपून ठेवली आहे."

"जपून ठेवली म्हणतात ना?" पार्वताबाईने भैयालालकडे पाहिलं. "मग? कोनी उगीच जपून ठेवते का?"

भैयालालने मान डोलावली. रचनाने मोबाईल बंद केला आणि उद्या नेसायच्या साडीला फॉल लावायला बसली.