तीन उजवी म्हणजे एक डावं

मला मोटारसायकल फक्त उजवीकडे वळवता येते.

यात माझा काही दोष नाही (घरात हे कुणीच मानत नाही, ती गोष्ट वेगळी). पंचेचाळिसाव्या वर्षी मी गाडी घेतली, आणि तीही थेट क्रूझर! कारण माझी उंची चार फूट दहा इंच. बाकीच्या मोटारसायकलींवर बसले की माझे पाय हवेत लोंबकळतात. क्रूझरची सीट बुटकी, त्यामुळे दोन्ही पाय जमिनीला टेकतात. गाडीचं वजन पावणेदोनशे किलो आहे, हे मात्र ती पहिल्यांदा आडवी झाल्यावर कळलं.

माझे यजमान, अनिल, इथल्या पोलाद प्लांटमध्ये सेफ्टी विभागात आहेत. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि जाहीर केलं, "शिकवतो तुले. पण मागं बसाले सांगजो नको!"

सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरच्या मागे मैदान आहे आणि मैदानाच्या मधोमध हनुमानाचं देऊळ. पहिल्या दिवशी मी देवळाभोवती डावीकडून फेरी सुरू केली आणि शेजारच्या वानखेडेकाकू हातातलं फुलांचं तबक घेऊन धावतच आल्या.

"अवो, उलटी प्रदक्षिणा कावून घालून राहिली? घराले लागते ना ते!"

अनिल पडले सेफ्टीवाले. धोका खालचा असो की वरचा, ते पत्करत नाहीत. त्यामुळे पुढचा महिनाभर मी देऊळ उजव्या हाताला ठेवूनच गाडी शिकले. पुण्य भरपूर साठलं. पण रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की डावीकडे वळायचं म्हटलं की आपले हात आखडतात आणि गाडी नाकासमोर चालू लागते!

सुदैवाने आमच्या सेक्टरचे रस्ते पट्टीने आखल्यासारखे आहेत. डावीकडे जायचं तर सरळ पुढे जायचं आणि तीनदा उजवीकडे वळायचं. झालं डावं! ही युक्ती मी कुणालाही सांगितली नाही. दूध आणायला पाऊण तास का लागतो, असं अनिल विचारायचे. "गर्दी होती," असं मी सांगायचे.

आता बाबांचं. माझे बाबा त्याच प्लांटच्या कोक ओव्हन विभागातून रिटायर झालेले, राहतात खुर्सीपारला. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा काका, याने दोन वर्षांपूर्वी नेहरू नगरला घर बांधलं आणि वास्तुपूजेची पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवली. बाबांचा फोन बटणांचा. बाबा गेले नाहीत. काकाला वाटलं, भावाला आपलं घर खुपलं. बाबांना वाटलं, भाऊ मोठा माणूस झाला. ज्या काकाला बाबांनी सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडलं, त्याच्याशी बाबा दोन वर्षं बोलले नव्हते. दोघंही एकेकटे मला विचारायचे, "कसा हाये तो?" मला रडू यायचं.

मग काकाच्या मुलीचं, पिंकीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरला. बाबा म्हणाले, "मी नाही येत." मी शेवटचा पत्ता टाकला. "बाबा, माझ्या नव्या गाडीवर नेते तुम्हाले!"

बाबांनी मधला मार्ग काढला. "गाडीवर बसाले येतो. त्याच्या घरी उतरन का नाही, ते तिथं पाहू."

मला एवढंच पुरे होतं. ठरल्या दिवशी बाबा स्टुलावर चढले, शेजारच्या दोघांनी त्यांचा पाय उचलून पलीकडे टाकला आणि आम्ही निघालो. हायवे सरळसोट! बाबा मागून प्रत्येक ओळखीच्या माणसाला हात दाखवत होते. "लेकीची गाडी हाये!" असं अनोळखी लोकांनाही सांगत होते.

काकाचं घर कोपऱ्यावर. फाटक मात्र डावीकडच्या गल्लीत! कोपऱ्यावर काका जरीची टोपी घालून उभा होता. बाबांना पाहून त्याने दोन्ही हात वर केले. त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू! आणि मी त्याच्यासमोरून सुसाट सरळ निघून गेले.

"अवो, घर गेलं ना!" बाबा ओरडले.

"डावीकडं आहे, बाबा."

"मंग?"

"मले डावं येत नाही."

"मंग काय येते?"

तीन उजवी वळणं घेऊन मी बरोबर गल्लीच्या समोर आले. आता रस्ता ओलांडला की थेट फाटक! तर गल्लीच्या तोंडाशी केटरिंगवाल्याचा टेम्पो आडवा. मी काय करणार? वळले. (उजवीकडे.) मागून काकूचा आवाज आला, "हाय रे माय! दारापर्यंत येऊन तोंड फिरवलं मोठ्या भाऊजींनी!"

तिसऱ्या फेरीला रस्त्याच्या मधोमध काका हात जोडून उभा होता. त्याच्यामागे काकू आणि अख्खं वऱ्हाड! मी ब्रेक दाबला. तेव्हा लक्षात आलं की थांबायला मला पहिल्यापासून येत होतं.

"भाऊ, उतरा ना," काका म्हणाला.

बाबा हलले नाहीत.

"चुकलं माझं, भाऊ. मोबाईलवर पत्रिका धाडली. घरी येऊन बोलवाले पाह्यजे होतं. तुमच्या सायकलच्या दांड्यावर बसून शिकलो मी आणि..."

बाबा तरीही जागचे हलले नाहीत. नवरदेवाच्या वडिलांनीही हात जोडले. काकूने डोळ्याला पदर लावला. एवढ्यात बाबा माझ्या कानाशी कुजबुजले, "पाय अडकला. निघून नाही राहिला. स्टूल मांग. पण मी मांगलं म्हून सांगजो नको!"

"बाबा म्हणतात," मी मोठ्याने म्हणाले, "मानानं उतरवा!"

मग काय! नवरदेवासाठी मांडलेला चौरंग आला. चौघांनी बाबांना अलगद उचलून त्यावर उतरवलं. काकूने ओवाळलं. काकाने पाय धरले तेव्हा बाबांनी त्याला वर ओढलं आणि दोघंही हुंदके देत एकमेकांच्या गळ्यात पडले. "तुयी टोपी वाकडी झाली ना बे," एवढंच बाबा म्हणाले. मीही रडले. हेल्मेट काढायचं राहिलं होतं, म्हणून कुणाला दिसलं नाही.

पिंकीला पहिलं कुंकू बाबांनीच लावलं. जेवताना जो तो माझी पाठ थोपटत होता. "तीन चकरा मारून काकाले बरोबर वाकवलं! काय डोकं हाये पोरीचं!" अनिल, जे स्वतः ऑटोने आले होते, माझ्याकडे टक लावून बघत होते. दुधाला पाऊण तास का लागतो, ते त्यांना त्या क्षणी कळलं असावं.

बाबांनी गुपित फोडलेलं नाही, मीही नाही. आता दोघं भाऊ रोज फोनवर भांडतात. आणि नात्यात कुणी कुणावर रुसलं की मला बोलावणं येतं, "ताई, गाडी घेऊन या, तुमच्याशिवाय हे जमणार नाही."

मी आनंदाने जाते. फक्त आधी एक गोष्ट विचारून घेते, "घर उजव्या हाताला आहे ना?"