हात धुऊन घ्या, मग सांगते

"हात धुऊन घ्या, मग सांगते," असं काकींनी म्हटलं की आम्ही समजायचो, कोणीतरी गेलं. कोण गेलं ते बेसिनपाशी कळायचं. गेलेला माणूस जपानचा असायचा, चित्रातला असायचा, त्याचे केस बहुधा निळे नाहीतर गुलाबी असायचे. तरी आमच्या लॅबमधला दळवी नळ तसाच सोडून उभा राहायचा, म्हणून काकी त्याला पाण्यावरून बोलायच्या.

काकी आमच्या लॅबमध्ये रक्त काढायच्या. तुम्ही रत्नागिरीचे असाल आणि कधी सकाळी उपाशीपोटी आमच्याकडे दंड पुढे केला असेल, तर तुम्ही त्यांना ओळखता. जाड भिंगांचा चष्मा, एसीमुळे बारा महिने अंगात स्वेटर, आणि "झालं हो, झालं" हे वाक्य सुई टोचायच्या आधीच म्हणून टाकायची सवय. माणूस "झालं?" म्हणून सैल पडायचा, तेवढ्यात खरंच झालेलं असायचं. ह्याला फसवणूक म्हणतात असं मी एकदा त्यांना म्हटलं. "मग? रडत कोणी गेलंय काय इथून?" त्या म्हणाल्या.

आम्ही चार माणसं. मी काउंटरला. दळवी मोटारसायकलवरून जयगड, गणपतीपुळे करत सॅम्पल गोळा करून आणायचा. काकी. आणि डॉक्टर, म्हणजे लॅबचे मालक. ते आमच्याच खोलीत, पण कोपऱ्यातल्या टेबलावर भिंतीकडे तोंड करून जेवायचे. आमच्या गप्पा त्यांना ऐकू येत नाहीत असं आम्ही धरून चालत होतो, आणि तेही.

काकींचा मुलगा मुंबईला. एका गणपतीत तो आला आणि जाताना टीव्हीवर स्वतःचं कसलं तरी खातं तसंच चालू ठेवून गेला. काका जयगडला पोर्टवर, शिफ्टला. घरात काकी एकट्या. त्यांनी बटण दाबलं तर कार्टून लागलं. पोरांचं आहे, भाजी निवडता निवडता बघू, म्हणून बसल्या. तिसऱ्या भागात नायकाची आई मेली, घर जळलं आणि नायक हातात विळ्यासारखं काहीतरी घेऊन डोंगरात गेला. काकींनी मुलाला फोन लावला. "हे पोरांसाठी आहे?" मुलगा म्हणाला, "मम्मी, कार्टून नाही ते, ॲनिमे आहे." दुसऱ्या दिवशी डब्यापाशी त्यांनी आम्हाला हे दोन्ही सांगितलं, आई मेली आणि ह्याला ॲनिमे म्हणतात. पुढे दळवीने कधी कार्टून म्हटलं तर त्या सांगायच्याच थांबायच्या.

त्यांना ती जपानी नावं लक्षात राहायची नाहीत. त्याची त्यांना फिकीर नव्हती. निळ्या केसांचा, तो रडवा, ती खालच्या आळीतली, म्हातारबाबा, एवढ्यावर त्या सगळा जपान चालवायच्या. मतं मात्र पक्की होती. नायक ओरडतो फार, हे त्यांचं मुख्य म्हणणं. "वार करायच्या आधी वाराचं नाव ओरडून सांगतो मेला. समोरचा काय उभा राहणाराय?" तलवारीच्या मालिकांवर त्यांचा राग वेगळा होता. एका घावात कारंजं उडायचं आणि तो माणूस पुढे दोन भाग लढायचा. "एवढं रक्त? इथे मला पाच एमएल काढायला दंड चोळत बसावं लागतं." कच्चा मासा बघून त्यांनी एक चांगली चाललेली मालिका आठवडाभर बंद ठेवली होती. समुद्राकाठी राहून ही वेळ का यावी, असं त्यांना वाटलं.

एकदा दळवीने विचारलं, "काकी, ह्या सगळ्या पोरांचे आईबाप कुठे असतात? पोरं एकटी राहतात, एकटी जेवतात, राक्षसांशी लढतात, आणि घरातून कोणी विचारत नाही."

"मुंबईला असतील," काकी म्हणाल्या.

त्यांना ह्यात काही विनोद आहे असं वाटलेलं दिसलं नाही. दळवीचे वडील त्याच्या लहानपणी गिरणगावात होते, वर्षातून दोनदा यायचे. त्यालाही ते पटलं.

एक गोष्ट त्यांना जपानची मनापासून आवडली. तिकडे माणसाचा स्वभाव रक्तगटावरून ठरवतात, हे त्यांना कुठल्याशा मालिकेत कळलं. "बघा, पत्रिका नाही, रक्तगट. नळीत दिसतो तरी." मग आमचे सगळ्यांचे स्वभाव ठरले. माझा हट्टी निघाला. डॉक्टरांचा रक्तगट विचारायची हिंमत कोणाला नव्हती. पण पुढे एकदा बेसिनपाशी हात पुसता पुसता ते स्वतःहूनच म्हणाले, "एबी." आणि आत निघून गेले.

आता हात धुण्याचं. ते काही त्यांनी ॲनिमेसाठी काढलेलं नव्हतं, आधीपासूनचंच होतं. ताटावरच्या माणसाला वाईट सांगायचं नाही, घास अडकतो, हे तुमच्या-आमच्या घरातही असतं. काकींनी त्याला लॅबची जोड दिली होती. आमच्याकडे माणूस येतो तोच उपाशी. "उपाशी माणसाला तर नाहीच सांगायचं. त्याचे पाय आधीच लटपटत असतात. वाईट बातमी भरल्या पोटी आणि धुतल्या हाती." रिपोर्ट सांगायचे ते डॉक्टरच, पण केव्हा सांगायचा हे काकी ठरवायच्या. नाटे गावची एक बाई पहाटेच्या एसटीने आली होती, पोटात चहासुद्धा नव्हता. काकींनी तिला समोरच्या हॉटेलात पाठवलं आणि ती पोह्यांची बशी संपवते की नाही हे आमच्या दारातून उभ्याने पाहिलं. डॉक्टर तोवर आत वाट बघत बसून होते. काही जुन्या लोकांना ही पद्धत माहीत झाली होती. गणपतीपुळ्याचा एक रिक्षावाला वडिलांचा रिपोर्ट न्यायला आला, तो काउंटरला येऊन आधी म्हणाला, "मी जेवून आलोय. सांगा काय ते."

जपानी माणसांनाही हाच नियम लागू झाला. जेवताना कोणी मरायचं नाही. जखमी व्हायला हरकत नव्हती.

त्यांची सगळ्यात आवडती मालिका म्हणजे दीपगृहाची. बेटावर एक दीपगृह, ते सांभाळणारी दोन पोरकी भावंडं, त्यांना शिकवणारा म्हातारबाबा, आणि दिवा विझला की समुद्रातून वर येणारी कसली तरी जनावरं. ही कथा आमच्या टेबलावर पाऊसभर चालली. दळवीला म्हातारबाबा फार प्रिय. एके दिवशी म्हातारबाबा कड्यावरून पडला.

"मग? वाचला?" दळवीने विचारलं.

"हात धुऊन घे, मग सांगते."

"म्हणजे गेला."

"मी काय बोलले का तसं? जेव."

दळवीने त्या दिवशी एक भाकरी इतकी पुरवली की मी काउंटरला जाऊन दोन-तीन माणसं मार्गी लावून परत आले तरी तो चावतच होता. तो हात धुणार नाही तोवर म्हातारबाबा कड्याखाली का होईना, जिवंत होता. शेवटी काकींनीच त्याचा डबा उचलून झाकण लावलं. बेसिनपाशी डॉक्टर आधीच उभे होते. "गेला का?" त्यांनी हळूच विचारलं. काकींनी मानेनेच हो म्हटलं.

मी स्वतः एकदा ती मालिका लावून पाहिली. मला अर्ध्या तासात कंटाळा आला. चित्रं सुरेख होती, पण त्यात काकी नव्हत्या. मधेच थांबून "आता ह्या पोरीला रात्री दोन घास भात कोणी दिला असेल की नाही, ते दाखवलं नाही," असं म्हणणारं कोणी नव्हतं. मला काकी फार आवडायच्या. हे मी त्यांना कधी म्हटलं नाही. आमच्या लॅबमध्ये असं कोणी कोणाला म्हणत नाही.

मग काकींच्या मानेपाशी एक गाठ आली. त्यांनी ती बरेच दिवस स्वेटरच्या कॉलरखाली ठेवली. डॉक्टरांच्या नजरेला आली तेव्हा त्यांनी ओळखीच्या सर्जनकडून तिचा तुकडा काढून घेतला आणि तो मुंबईला तपासायला पाठवायचा ठरला. पॅक काकींनीच केला. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही, सांडतात म्हणाल्या. लेबलही स्वतःच लिहिलं आणि त्यावर वय एक वर्षाने कमी टाकलं. दळवीने ते दाखवून दिलं. "वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे," त्या म्हणाल्या. "आजचं खोटं कशाला लिहू?"

त्यानंतर रिपोर्ट कधी येणार हे कोणी कोणाला विचारलं नाही. डबे उघडत होते, दीपगृहाची गोष्ट पुढे सरकत होती. भाऊ दिवा सोडून होडीने निघून गेला होता. बहीण एकटी होती आणि वादळ यायचं होतं. मी मात्र दर दुपारी फोन वाजला की काकींच्या हाताकडे बघायची. हात एरवीसारखाच चालायचा.

त्या दुपारी डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा डबा टेबलावर तसाच बंद होता. "मुंबईचा फोन होता," ते म्हणाले. "चांगलं नाही." इतकी वर्षं हे वाक्य रोज कोणाला ना कोणाला सांगणारा माणूस पेनचं टोपण काढत आणि लावत बसला होता. "मी सांगायला हवं. पण माझ्याच्याने सुरुवात होणार नाही. तू कर. त्यांच्या पद्धतीने. मग आत पाठव, मी नीट समजावतो."

मी येऊन परत डब्यापाशी बसले. काकी सांगत होत्या. वादळ आलं होतं, जिन्यात पाणी शिरलं होतं, पोरगी तेलाचा डबा घेऊन वर चढत होती. मी नुसतं तोंड हलवत राहिले, कारण थांबले असते तर त्यांना कळलं असतं. काकींच्या डब्यात भाकरीचा चतकोर आणि थोडी सुकटीची चटणी उरली होती. मी म्हटलं, "काकी, हात धुऊन घ्या."

"तू बघितलीस काय?" दळवी मला म्हणाला. "मरते का ती पोरगी?"

काकींनी माझ्याकडे बघितलं. मग डब्यात बघितलं. "एवढं संपवते," म्हणाल्या. त्यांनी चतकोर संपवला, चटणी बोटाने पुसून घेतली. खाता खाता गोष्टही संपवली. "मरत नाही रे. वर जाते आणि दिवा लावते. एकटीच." मग उठल्या, साबणाने हात धुतले, नळ घट्ट बंद केला, नॅपकिनला एकेक बोट पुसलं आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हं. सांग गो आता."

मी सांगितलं. एकच वाक्य होतं. त्या "बरं" म्हणाल्या. नॅपकिनची घडी घातली. मग केबिनच्या दाराकडे बघून विचारलं, "डॉक्टर जेवले काय?"

"नाही."

"मग त्यांना आधी जेवू दे. मी मागाहून जाते आत."

उपचारांना त्या मुंबईला मुलाकडे गेल्या. तिथून दुपारच्या वेळेला त्यांचा आवाज फोनवर यायचा, रेकॉर्ड करून पाठवलेला. तब्येतीचं त्यात एखादं वाक्य. इथल्या पोरींना माझी शीर सापडत नाही, मीच सांगते, डावा हात, कोपराच्या खालची, ती देते बिचारी रक्त. बाकी सगळी मतं. एका मालिकेतला डॉक्टर स्टेथोस्कोप उलटा घालतो. एकीत पोरं दर भागात जेवतात, म्हणून ती बरी आहे. आम्ही फोन डब्यांच्या मधोमध ठेवून ऐकायचो. डॉक्टरांनी आपली खुर्ची भिंतीकडून आमच्याकडे वळवली होती. आवाज बारीक होत गेला तसे आम्ही फोनच्या जवळ सरकत गेलो. शेवटी शेवटी त्या म्हणाल्या, "दीपगृहाचा पुढचा भाग यायचा आहे म्हणे. मला बघायचाय तो. भाऊ परत येतो की नाही, एवढंच बघायचंय. दळवीला सांगू नका, उगाच वाट बघत बसेल."

दळवी शेजारीच बसला होता. ऐकत होता.

मग काही दिवस आवाज आला नाही. एका दुपारी आम्ही टेबलावर बसतच होतो, तेवढ्यात काउंटरचा फोन वाजला. मी घेतला. काकींचा मुलगा होता. त्याचा आवाज अगदी नीट होता.

"ताई, जेवलात का तुम्ही सगळे?"

"बसतोच आहोत," मी म्हटलं.

"जेवून घ्या. सगळे जेवून घ्या. मग मी फोन करतो."

मी फोन ठेवला आणि खोलीत आले. दळवी आणि डॉक्टर माझ्याकडे बघत होते. "जेवून घ्या म्हणाला," मी सांगितलं. आम्ही डबे उघडले आणि जेवलो. सगळं जेवलो. दळवीने भाकरीचा शेवटचा तुकडा बराच वेळ हातात धरला आणि मग खाल्ला. डॉक्टरांनी डबा बोटाने पुसून घेतला. जेवण झाल्यावर खरकटे हात वाळवत बसू नये, असं आपल्याला लहानपणापासून सांगतात. आम्ही तिघंही तसेच बसून राहिलो. बोटांवरचा भात वाळला.

काउंटरचा फोन वाजायला लागला. तो वाजत राहिला. आमच्यातल्या कोणीच हात धुतले नव्हते.