बुडबुडा मधोमध

चष्म्याच्या दुकानातल्या बाईला आपलं घर डावीकडे कललंय असं वाटायला लागलं, ते त्या टोपीपासून.

विमान चालवायचा साधा परवाना तिच्याकडे होताच. आता बाहेर काही दिसत नसताना, नुसत्या काट्यांवर उडायचा परवाना हवा होता. त्यासाठी उडायला शिकवणारे मास्तर तिला लांब झापडाची टोपी घालायला लावत. खिडकी झाकली जायची. उरायच्या फक्त समोरच्या तबकड्या.

"अंग खोटं बोलतं, बाई," मास्तर म्हणत. "त्याचं ऐकायचं नाही. काटे वाचायचे."

हे एकदा मनात बसलं की विमानापुरतं राहत नाही. चहा गाळताना ओटा कलायचा, जिना उतरताना भिंत अंगावर यायची.

नवरा फरशा बसवणारा. त्याने हसत ओट्यावर फरशीची सपाटी बघायची पाणसळ ठेवली. "बघ, बुडबुडा मधोमध. घर सरळ आहे. वाकडी तूच."

"लग्नाला इतकी वर्षं झाली, आज दिसलं होय?"

त्याने सगळ्यात छोटी पाणसळ तिच्या पिशवीत टाकली. "तिकडे वर लाव. हिला ना वीज लागते, ना तेल."

तिने ती तबकड्यांच्या वर आडवी चिकटवली. "नवऱ्याने दिलीय," तिने मास्तरांना सांगितलं.

"आज खरा ढग," ते एवढंच म्हणाले. "मी हात मांडीवर ठेवणार. नीट पार केलात तर परीक्षेला नाव देतो. नाहीतर टोपी खुंटीला."

ढग आतून पांढरा नव्हताच. ओल्या कांबळ्यासारखा काचेला चिकटून बसला. पंखाचं टोक गेलं, मग पंखच गेला. तिची नजर पाणसळीकडे वळली. मधोमध. पुन्हा वळली. मधोमध. नवरा कानाशी बोलल्यासारखा वाटला: सरळ आहे गं. आणि कितीतरी दिवसांनी तिचं अंगही म्हणालं, सरळ आहे. तिला हायसं वाटलं.

मग इंजिनाचा आवाज चढत गेला. मांडी जड झाली, कुणीतरी हलकेच येऊन बसावं तशी. उंचीचा काटा उलटा धावत होता. क्षितिजाच्या तबकडीतलं चिमुकलं विमान डाव्या कुशीवर पडलं होतं.

तबकडीच बिघडली वाटतं, तिच्या मनात आलं. तिने मास्तरांकडे पाहिलं. ते समोर बघत होते, तिथे नसल्यासारखे.

बुडबुडा मधोमधच होता.

तिने त्यावर तळहात दाबला. दुसऱ्या हाताने तबकडीतलं विमान सरळ होईपर्यंत सुकाणूचं चाक उजवीकडे वळवलं. आपण उजवीकडे कोसळतोय, असा अंगाने आकांत मांडला. तिने दात आवळून इंजिन कमी केलं, मग नाक उचललं. काटा थांबला. मांडीवरचं ते उठून गेलं.

ढग मागे पडला. बाहेर लख्ख ऊन होतं.

"विमान कलून वळत असलं तरी बुडबुडा मधोमधच राहतो," मास्तर म्हणाले. "तुमच्या अंगासारखाच फसतो तो."

"मग आधी सांगायचं नाही?"

"घरच्या माणसाने दिलेली पाणसळ. माझं ऐकलं असतंत?" त्यांनी खिशातून पेन काढलं. "नाव देतो परीक्षेला."

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "आली का कामाला?"

"आली."

तो खूश झाला. पाणसळ त्याने ओट्यावर ठेवली. "बघ. मधोमध."

तिने पाहिलं. कपातला चहाही अगदी सरळ होता, नवराही सरळ उभा होता. घर कुठल्या कुशीवर चाललंय हे सांगणारा काटा मात्र या भिंतींवर कुठेच नव्हता.

"हो," ती म्हणाली, आणि त्याला दिसणार नाही अशा बेताने ओट्याची कड घट्ट धरली.