जालन्याचा माणूस औरंगाबादच्या खात्यात

भरतीच्या वेळी साहेबांनी गाव विचारलं आणि मी छाती काढून "जालना" सांगितलं. मी हसनाबादचा. पण हसनाबाद म्हटलं असतं तर ते कुठं आलं हेही सांगावं लागलं असतं, आणि साहेबांपुढं मला एवढं बोलणं जमलं नसतं.

प्लाटूनमध्ये तीन जाधव. म्हणून आमचे हवालदार जाधवांना गावाच्या नावानं हाक मारत. मी 'जालना' झालो. पुढं भीमराव जाधव आला. तो खरा जालन्याचा, तिथल्या कादराबाद मोहल्ल्यातला. बाप जिनिंगमध्ये फिटर. पण 'जालना' नाव माझ्याकडं आधीच गेलेलं. तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यातच; हवालदारांनी जिल्हा विचारला आणि त्याचं 'औरंगाबाद' करून टाकलं.

त्याला ते झोंबलं. "हसनाबादचं बेणं जालना, अन् मी औरंगाबाद व्हय?" हे मला रोज ऐकावं लागे. लंगरात पोरं त्याला डिवचत, तुमच्या शहराला दरवाजे बावन्न, आत राहतं कोण? तो ताट खाली ठेवून सांगे की औरंगाबाद तख्त गेल्यावरही उशिरा उठतं, तिथं तुमचा आजा कोण ते विचारतात. जालन्यात सरकीचा भाव विचारतात आणि कोंबड्याआधी उठतात. गोऱ्यांची छावणी उठली, बाजार नाही उठला. मी मान डोलवायचो. जालन्याला मी दोनदाच गेल्तो, त्यात एकदा गाडी चुकली म्हणून.

आमचा मुलूख हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आमची पिकेट, म्हणजे पुढची चौकी, काश्मीरात एका नाल्यावर होती. दुपारी टेलिफोनची तार तुटली. भीमराव दोन जवान आणि वायरलेस सेट घेऊन जोडायला गेला. पिकेटच्या सेटवर मी होतो.

"औरंगाबाद, रिपोर्ट दे. ओव्हर."

"औरंगाबाद न्हाई. जालना बोलून राह्यलो. वर बर्फ हललाय. पोरायला मागं धाडलं. ओव्हर."

"जालना, तू बी जल्दी फिर. ओव्हर."

नुसती खरखर. दोन्ही जवान परत आले. भीमराव बर्फ वितळल्यावर सापडला.

कंपनीत शहिदांचा बोर्ड रंगवला. 'भीमराव जाधव, औरंगाबाद'. मी क्लार्ककडं गेलो. मान वर न करता तो म्हणाला, "जिल्हा बरोबर आहे." मी त्याचं टेबल उलटं केलं. मला कोठडी मिळाली. बोर्ड तसाच राहिला.

आजही डोकं तडकतं. त्या झोपाळू शहराला चांगले दिवस आले. साहेब तिकडं, कचेऱ्या तिकडं. जालन्यानं कापूस पिकवायचा, पिंजायचा, आणि एका सहीसाठी रेल्वेनं तिकडं जाऊन बाकावर बसायचं. घ्या म्हणावं कचेऱ्या. पण आमचा मेलेला माणूसही तिकडंच जमा करायचा?

सुट्टीत त्याच्या वडिलांना जिनिंगच्या दाराशी भेटलो. भुवयांवर कापूस. त्यांनी एकच विचारलं.

"माह्या पोराला तिकडं जालन्याचा म्हनत व्हते ना?"

"हौ काका. बराबर जालना."

घरी येऊन क्लार्क, कचेऱ्या, अख्ख्या औरंगाबादला शिव्या घातल्या. बायको भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"त्यायचं राहू द्या," ती म्हणाली. "तुमी तं जित्ते हायेत. आता हसनाबाद सांगत जा. त्याचं जालना मोकळं करा."