लोडरखालचा कागद

बोदवडच्या ज्या जिनिंगमध्ये मी कारकून आहे, तिथला कापूस ढकलणारा छोटा लोडर बिघडला की धुळ्याहून एक मिस्त्री येतो. तो कुणाला नमस्कार करत नाही. आधी चाकाजवळ वाकून तेलाचा वास घेतो.

यंदा हंगामाच्या मुहूर्तालाच अ‍ॅक्सलचं तेल अडवणारं सील गळू लागलं. त्याने नवं सील बसवलं, चाकाखाली कोरा कागद पसरला आणि इंजिन चालू ठेवून उकिडवा बसून राहिला. कागदावर एक थेंब पडला. त्याने पुन्हा चाक खोलायला घेतलं.

"नाना, एकच थेंब आहे," शेठ मिस्त्रीच्या कानाशी कुजबुजले. "नारळ फोडायला पाहुणे गेटवर आलेत."

"बठ्ठा कापूस डागी व्हई. मंग पाहुणाले इकशात का?" डाग पडलेला सगळा कापूस पाहुण्यांना विकणार का, एवढाच मिस्त्रीचा सवाल.

पाहुणे म्हणजे तालुक्याचे पुढारी. ते हार घालून, नारळ घेऊन लोडरसमोर उभे राहिले. खालून आवाज आला, "भाऊ, बाजूले सरका. काही दिसत नही."

पाहुणे सरकले. इतका वेळ न बोलता उभं राहण्याची त्यांची ती पहिलीच वेळ असावी.

अ‍ॅक्सलच्या दांड्यावर झिजून पडलेली बारीक खाच मिस्त्रीला नखाने सापडली. ती टाळून त्याने सील जरा आत बसवलं, नवा कागद पसरला आणि पुन्हा बसून राहिला. कागद कोरडाच राहिला, तेव्हा तो हात पुसत उठला आणि पाहुण्यांना म्हणाला, "आते फोडा."