न घेतलेल्या वस्तूंचा अभ्यासक

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी सोलापूरच्या घरी वर्तमानपत्र चाळत बसलो होतो. "भाऊजी, हे गेले…" एवढंच त्या म्हणाल्या. जालन्याच्या महाविद्यालयात वाणिज्य शिकवणारा माझा मित्र भास्कर गेला, त्याला आता दीड महिना होईल.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी आम्ही दोघं तिथं एकत्रच रुजू झालो. वाटूरच्या शेतकरी घरातल्या या माणसानं पीएच.डी.साठी विषय निवडला तो ग्राहकाच्या आत्मसंयमाचा. लोक काय विकत घेतात याच्याशी त्याला फारसं कर्तव्य नव्हतं. हातात घेतलेली वस्तू माणूस परत का ठेवतो, आणि ठेवल्यावर त्या इच्छेचं पुढं काय होतं, हे त्याला शोधायचं होतं. त्यासाठी आम्ही तीर्थपुरीच्या आठवडी बाजाराला जात असू. एकदा एका बाईनं चिनीमातीची बरणी उचलली, फिरवून पाहिली आणि जागेवर ठेवली. भास्करनं कारण विचारताच ती म्हणाली, "तुमाला काय करायचं? दुकान तुमचं हाय का?"

"न्हाई मावशी, अभ्यास करून राह्यलो."

"न घेतलेल्याचा अभ्यास? मंग तर म्हातारे व्हाल तुम्ही हितंच!"

सगळा बाजार हसला. सर्वांत मोठ्यानं भास्कर. पुढच्या बाजाराला तीच बाई भेटली. त्या दिवशी विकत घेऊन घरी नेलेल्या बादलीचा रंग तिला चटकन सांगता येईना, पण बरणीची निळी कड, झाकणावरचा मोर, सारं तिच्या डोळ्यांपुढं होतं. अशी माणसं पुन्हा पुन्हा भेटत गेली. संयमानं इच्छा विझत नाही, उलट तिला घर मिळतं, असं भास्कर म्हणू लागला. "जे घडलंच नाही त्याचा पुरावा कुठून आणणार?" असं म्हणून मार्गदर्शकांनी प्रबंधातलं त्यावरचं प्रकरण वगळायला सांगितलं. पदवी लांबली, तरी त्यानं ते वगळलं नाही. मी त्याला हट्टी म्हणायचो.

पुढे मला सोलापुरात वरची जागा मिळाली. मी अनेक दिवस होकार कळवला नाही. भास्करनं एकदा तरी 'नको जाऊ' म्हणावं, असं मला आतून वाटत होतं. आणि तसं वाटतं आहे हे त्याला सांगणं मला कमीपणाचं वाटत होतं. तो मात्र म्हणाला, "मौका चांगला हाय. बिलकुल सोडू नको." स्टँडवर पोचवायला आला तेव्हाही तो खिडकीची जागा, पाण्याची बाटली, वाटेतला खराब रस्ता यांच्याविषयीच बोलत राहिला. गाडी हलली तेव्हा, ती थांबवायला मारतात तशी थाप पत्र्यावर मारायला त्यानं हात उचलला… आणि तोच हात वर नेऊन निरोप दिला. त्याला फारसं काही वाटलं नाही, अशी समजूत करून घेऊन मी गेलो. हळूहळू पत्रं विरळ झाली, येणं लग्नकार्यापुरतं उरलं. दुखावलेला माणूस स्वतःला किती सहज संयमी समजतो!

गेल्या पंधरवड्यात वहिनींना भेटायला गेलो. चहा देता देता त्या म्हणाल्या, "तुम्ही निघाल्ते ना, त्या दिवशी हे घरून ठरवून गेल्ते, नको जाऊ म्हणतो म्हणून. परत आले ते गपच. मी म्हणलं, बोलले का? तर म्हणले, त्याचं चांगलं होऊन राह्यलं, आपण कशाला आडवं यायचं."

त्यानं अडवलं असतं तर मी थांबलो असतो का, हे आज मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. पण त्यानं ते शब्द ओठांपर्यंत आणले होते, एवढं मला कळायला त्याला जावं लागलं… मी गाडीची वेळ झाली म्हणून उठलो.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "आज थांबता का?"

इतकं साधं होतं ते विचारणं. "थांबतो," मी म्हणालो. त्याच्या खोलीत दाराशेजारी एकच खुंटी होती आणि तिच्यावर त्याची शबनम पिशवी तशीच लोंबत होती. वहिनी ती काढायला पुढं झाल्या. मी त्यांना राहू द्या म्हणालो, आणि माझी पिशवी त्याच खुंटीवर तिच्यासोबत अडकवली.